तोटा कोणाच्या नावे? : श्रीमंत घराण्यांचे धन सांभाळणाऱ्या पेढ्यांचा इतिहास

धन मिळविणे आणि मिळविलेले धन सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे व्यापारी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आजोबांनी उभी केलेली पेढी वडील वाढवितात आणि नातवांच्या काळात तिच्या वाटण्या होतात, ही कथा प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येते. पहिल्या कामाला धाडस लागते, दुसऱ्याला संयम लागतो, आणि हे दोन्ही गुण एकाच माणसात क्वचितच आढळतात. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत गेल्या साडेतीनशे वर्षांत या दुसऱ्या कामासाठी एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. मोजक्या अतिश्रीमंत घराण्यांची संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणे हेच ज्यांचे काम, अशा खासगी पेढ्या लंडन, जिनिव्हा, बोस्टन आणि न्यूयॉर्क या शहरांत नावारूपाला आल्या. ‘वेल्थ मॅनेजमेंट’ आणि ‘फॅमिली ऑफिस’ हे शब्द आज मुंबई-पुण्याच्या व्यापारी घरांतही रूढ झाले आहेत. त्यांच्या मागे असलेला इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशा व्यवहारात नफा झाला तर तो कोणाचा याविषयी सहसा वाद होत नाही. तोटा झाला तर तो कोणाच्या नावे लिहावयाचा? या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांवरच अनेक घराण्यांचे आणि पेढ्यांचे भवितव्य ठरले.

सोनाराची पेढी

सतराव्या शतकात लंडनमधील व्यापारी आपले शिल्लक सोने-चांदी टॉवर ऑफ लंडन येथील टांकसाळीत ठेवीत असत. राजाच्या किल्ल्याहून अधिक सुरक्षित जागा कोणती असणार, अशी त्यांची समजूत होती. १६४० मध्ये राजा पहिला चार्ल्स याला पैशाची निकड भासली आणि त्याने टांकसाळीतील हे सोने-चांदी अडकवून ठेवले. व्यापाऱ्यांना आपले धन पुढे परत मिळाले, परंतु विश्वास परत मिळाला नाही. त्यानंतर लंडनचे व्यापारी व जमीनदार आपले धन शहरातील सोनारांकडे ठेवू लागले. सोनाराकडे भक्कम तिजोरी होती आणि वजन-कसाची अचूक पारख होती. सोनार ठेवीची पावती देई, आणि ती पावतीच पुढे हस्ते-परहस्ते फिरू लागली. इंग्लंडमधील खासगी बँकिंगचा आरंभ असा सोनाराच्या दुकानात झाला.

हे सोनार पुढे राजालाच कर्जे देऊ लागले. व्याज चांगले मिळत असल्यामुळे कोणी फारसा विचार केला नाही. जानेवारी १६७२ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने सरकारी खजिन्यातून होणारी देणी थांबविली आणि लंडनमधील अनेक नामांकित सोनार-सावकार बुडाले. त्यांच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या कुटुंबांचेही मोठे नुकसान झाले. ज्या वर्षी मोठमोठ्या पेढ्यांना अशी कुलुपे लागण्याची वेळ आली, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात रिचर्ड होअर या तरुणाला सोनारांच्या संघाचे सदस्यत्व मिळाले आणि त्याने आपला व्यवसाय सुरू केला. त्या काळी लंडनमध्ये घरांना क्रमांक नव्हते. दुकान ओळखू यावे म्हणून दारावर चिन्ह लावीत. होअर यांच्या दारावर सोनेरी बाटलीचे चिन्ह होते. १६९० मध्ये ही पेढी चीपसाइडहून फ्लीट स्ट्रीट येथे गेली आणि आजतागायत ती तेथेच आहे. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स आणि पुढील काळातील कादंबरीकार जेन ऑस्टिन यांची नावे तिच्या खातेवह्यांत आढळतात.

या पेढीची खरी कसोटी १७२० मध्ये लागली. साउथ सी कंपनीचे समभाग वर्षाच्या आरंभी सुमारे १२८ पौंडांना मिळत होते, ते उन्हाळ्यात १,००० पौंडांच्या जवळ पोहोचले. सरदार, धर्मगुरू, विधवा, नोकरचाकर असे सारे लंडन त्या बाजारात उतरले. वर्ष संपता संपता भाव पुन्हा मूळ जागी आला. आयझॅक न्यूटन यांच्यासारख्या प्रज्ञावंतालाही या सट्ट्यात मोठी झळ बसली. होअर पेढीनेही हे समभाग खरेदी केले होते, परंतु ते वेळीच विकून सुमारे २८,००० पौंडांचा नफा पदरात पाडून घेतला. ज्या फुग्यात इतरांचे भांडवल गेले, त्यातून ही पेढी अधिक बळकट होऊन बाहेर पडली.

या सावधपणाचे एक कारण पेढीच्या रचनेत सापडते. होअर पेढीच्या भागीदारांची जबाबदारी अमर्याद आहे. पेढी बुडाली तर ठेवीदारांचे देणे भागविण्यासाठी भागीदारांचे घर, शेत आणि दागिनेही जाऊ शकतात. येथे तोटा आधी राखणदाराच्या नावे लिहिला जातो. स्वतःचे घर पणाला लागलेले असताना दुसऱ्याच्या पैशाशी खेळण्याची इच्छा होत नाही. होअर घराण्याच्या अकराव्या-बाराव्या पिढीतही ही पेढी घराण्याच्याच मालकीची आहे आणि अमर्याद जबाबदारीही तिने सोडलेली नाही.

बोस्टनचा खटला

प्रत्येक राखणदार स्वतःची पेढी घेऊन बसलेला नसतो. पुष्कळदा एखादा सद्‌गृहस्थ मृत्युपत्रात दोन विश्वासू माणसांची नावे लिहितो आणि आपल्या पश्चात पत्नीचा व मुलांचा सांभाळ त्यांच्यावर सोपवितो. अशा विश्वस्तांच्या हातून मुद्दल घटले तर काय, हा प्रश्न अमेरिकेतील बोस्टन शहरात न्यायालयापुढे आला.

जॉन मॅक्लीन या बोस्टनच्या व्यापाऱ्याचा १८२३ मध्ये मृत्यू झाला. त्याने ५०,००० डॉलर विश्वस्तांच्या स्वाधीन केले होते. त्यांचे उत्पन्न हयातभर पत्नीला द्यावे आणि तिच्या पश्चात मुद्दल हार्वर्ड महाविद्यालय व मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांना निम्मे निम्मे द्यावे, अशी व्यवस्था होती. विश्वस्तांनी ही रक्कम मुख्यतः त्या भागातील नव्या कापड गिरण्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या समभागांत गुंतविली. मॅसेच्युसेट्समधील कापड गिरण्यांचा तो भरभराटीचा आरंभकाळ होता. लाभांश उत्तम मिळाला आणि त्या विधवेचा चरितार्थ व्यवस्थित चालला. पुढे समभागांचे भाव उतरले आणि मुद्दलात बरीच तूट आली. ही तूट विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून भरून द्यावी, अशी मागणी महाविद्यालयाने व रुग्णालयाने केली.

इंग्लंडमध्ये त्या काळी विश्वस्तांनी सरकारी रोख्यांतच पैसे गुंतवावेत असा दंडक होता. न्यायमूर्ती सॅम्युअल पटनम यांनी १८३० मध्ये वेगळा निर्णय दिला. त्यांच्या मते जगात पूर्णतः निर्धोक अशी गुंतवणूकच नाही. सरकारी रोखेही बुडू शकतात आणि जमिनीचीही किंमत घटते. म्हणून विश्वस्ताने प्रामाणिकपणे वागावे, आणि समंजस व विवेकी माणसे स्वतःच्या मालमत्तेची कायमची तजवीज करताना उत्पन्न व मुद्दलाची सुरक्षितता यांचा जसा विचार करतात, तसा विचार करावा. सट्टा करू नये. एवढे केल्यावरही तोटा झाला तर तो विश्वस्ताच्या नावे लिहिता येणार नाही.

हा निर्णय कायद्याच्या इतिहासात ‘विवेकी माणसाचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या आधाराने बोस्टनमध्ये व्यावसायिक विश्वस्तांचा एक वर्गच तयार झाला आणि अनेक घराण्यांचे धन त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या नियमाने विश्वस्ताला संरक्षण दिले, तसे त्याच्यावर एक ओझेही टाकले. विवेक दाखविला हे सिद्ध करावयाचे तर प्रत्येक निर्णयाची नोंद हवी आणि प्रत्येक नोंदीमागे कारण हवे. स्वच्छ वही हाच विश्वस्ताचा साक्षीदार ठरला.

याच धाग्याने हा इतिहास भारतापर्यंत येतो. खासगी विश्वस्तनिधींसाठी १८८२ मध्ये भारतीय न्यास अधिनियम आला. त्याच्या १५ व्या कलमातही हीच मोजपट्टी आहे. सर्वसाधारण विवेकी मनुष्य स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्या काळजीने विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सांभाळली पाहिजे, असे ते सांगते.

चर्मकाराचा मुलगा आणि त्याचा शेजारी

एका घराण्याने केवळ स्वतःसाठी पेढी काढावी, ही कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तिचे सर्वांत बोधप्रद उदाहरण हेन्री फिप्स यांचे आहे.

पिट्सबर्गजवळील ॲलेघेनी या गावात फिप्स आणि कार्नेगी ही दोन गरीब कुटुंबे शेजारी राहत होती. हेन्रीचे वडील जोडे तयार करीत, आणि अँड्र्यू कार्नेगीची आई घरखर्चाला हातभार म्हणून त्यांच्याकडचे जोडे शिवून देई. दोन्ही मुले पुढे पोलादाच्या धंद्यात भागीदार झाली. कार्नेगी धाडसी आणि बोलघेवडा, तर फिप्स अबोल आणि हिशेबाचा पक्का. तरुणपणी त्याने जमाखर्च लिहिण्याचे काम केले होते आणि पोलादाच्या कारखान्यातही बँकांची मनधरणी करणे, खर्चाला कात्री लावणे हीच कामे त्याच्याकडे असत. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गन यांनी कार्नेगी स्टील ही कंपनी ४८ कोटी डॉलरना विकत घेतली. कार्नेगींच्या खालोखाल हिस्सा फिप्स यांचा होता आणि त्यांच्या वाट्याला सुमारे ५ कोटी डॉलर आले.

एकाच आळीत वाढलेल्या या दोन मित्रांनी आपापल्या धनाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अतिश्रीमंत अवस्थेत मरण येणे लाजिरवाणे आहे, अशी कार्नेगींची धारणा होती. त्यांनी सुमारे ३५ कोटी डॉलर ग्रंथालये, शिक्षण आणि संशोधन यांसाठी दिले. फिप्स यांनीही उदारपणे दान केले. क्षयरोगावरील संशोधनासाठी फिलाडेल्फियात संस्था काढली. त्यांच्या दानाचा एक ओघ भारतातही आला. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना फिप्स यांनी दिलेल्या देणगीतून बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये कृषी संशोधन संस्थेची उभारणी झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची हानी झाल्यावर १९३६ मध्ये ही संस्था दिल्लीस नेण्यात आली. दिल्लीतील तिचा परिसर आजही पुसा याच नावाने ओळखला जातो.

परंतु फिप्स यांनी दानाच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबाची संपत्ती सांभाळण्यासाठी एक कार्यालय स्थापन केले. ज्या बेसेमर प्रक्रियेने पोलाद स्वस्त झाले आणि फिप्स यांचे भाग्य उजळले, तिचेच नाव त्या कार्यालयाला दिले. त्यांना पाच अपत्ये होती. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र गाठोडे देऊन त्यांना जगात सोडण्याऐवजी सर्वांचा हिशेब एका छपराखाली ठेवण्यात आला. मालकी प्रत्येकाची, सांभाळ सर्वांचा एकत्र, अशी ती रचना होती. चांगले जाणकार नेमण्याचा खर्च एका घराला जड गेला असता, तो पाच घरांत विभागला गेला. फिप्स १९३० मध्ये निवर्तले, परंतु बेसेमर ट्रस्ट टिकून राहिला. १९७४ मध्ये त्याने इतर श्रीमंत कुटुंबांसाठीही आपली दारे उघडली. आज एक कोटी डॉलर वा त्याहून अधिक संपत्ती सोपविणाऱ्या घराण्यांचे काम तो पाहतो, आणि मालकी अद्याप फिप्स वंशजांकडे आहे. येथे राखणदाराचे स्वतःचे धन ग्राहकाच्या धनाशेजारीच ठेवलेले असते. तोटा आला तर तो दोघांच्याही वहीत उतरतो.

रॉकफेलर यांची वही

फिप्स यांच्याही आधी, १८८२ च्या सुमारास, जॉन डी. रॉकफेलर यांनी आपल्या खासगी संपत्तीसाठी स्वतंत्र कार्यालय ठेवले होते. रॉकफेलर हेही मूळचे जमाखर्च लिहिणारे. १८५५ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांना पहिली नोकरी मिळाली, तेव्हापासूनचा स्वतःचा पैन्‌पैचा हिशेब त्यांनी एका लहानशा वहीत लिहिला होता आणि ती वही जन्मभर जपली. तेलाच्या धंद्यात तर ते पिंपामागे लागणाऱ्या खर्चाचाही बारकाईने हिशेब घेत.

असे असूनही खासगी गुंतवणुकीत मात्र त्यांच्याकडून दुर्लक्ष झाले. स्नेह्यांच्या शब्दावर त्यांनी खाणी, लोहमार्ग, भट्ट्या यांत पैसे घातले आणि पुढे त्यांकडे पाहिले नाही. १८९१ मध्ये फ्रेडरिक गेट्स हे धर्मोपदेशक त्यांच्या दानकार्यात मदतीला आले. प्रवासाच्या निमित्ताने गेट्स यांनी यांपैकी काही उद्योगांची पाहणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी आतबट्ट्याचा व्यवहार असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी ते स्पष्ट शब्दांत मालकाला कळविले. रॉकफेलर यांनी राग मानला नाही. दानाबरोबर गुंतवणुकीची देखरेखही त्यांनी गेट्स यांच्याकडेच सोपविली. अप्रिय सत्य सांगणारा माणूस ओळखणे आणि त्याला जवळ ठेवणे, यात रॉकफेलर यांचे शहाणपण दिसते. पुढे हेच कार्यालय घराण्याच्या अनेक शाखांना एकत्र बांधणारे केंद्र झाले. १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९३४ मध्ये पुढील पिढीसाठी विश्वस्तनिधी निर्माण करण्यात आले. १९८० मध्ये हे कार्यालय इतर कुटुंबांचेही काम पाहू लागले आणि २०१८ मध्ये त्याची बहुतांश मालकी घराण्याबाहेर गेली.

याच काळातील व्हँडरबिल्ट घराण्याची कथा याच्या उलट आहे. आगबोटी व रेल्वे यांतून कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी १८७७ मध्ये मृत्युसमयी सुमारे १० कोटी डॉलर मागे ठेवले. मुलाने आठ वर्षांत ते जवळजवळ दुप्पट केले. त्यानंतरच्या पिढ्यांनी प्रासाद बांधले. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या बिल्टमोर या एकाच वास्तूत २५० खोल्या आहेत. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील त्यांचे राजेशाही वाडे मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच एकेक करून पाडले गेले. कमावणारे हात होते, खर्च करणारेही अनेक होते. सर्वांचा मिळून हिशेब पाहणारी एकच पेढी त्या घराण्यात नव्हती.

सेंट गॅलनची पेढी

धनरक्षणाच्या व्यवसायात स्वित्झर्लंडचे नाव अग्रभागी घेतले जाते. जिनिव्हातील लोंबार्ड ओडिए ही पेढी १७९६ ची आणि पिक्टे १८०५ ची. या पेढ्यांचे भागीदारही शतकानुशतके अमर्याद जबाबदारीने व्यवसाय करीत आले. त्या देशाच्या १९३४ च्या बँकिंग कायद्याने ग्राहकाची माहिती उघड करणे हा गुन्हा ठरविला आणि गुप्तता हे स्विस पेढ्यांचे दुसरे भांडवल बनले.

तेथील सर्वांत जुनी बँक वेगेलिन. ती १७४१ मध्ये सेंट गॅलन येथे स्थापन झाली. सेंट गॅलन हे तागाच्या कापडासाठी आणि पुढे नाजूक भरतकामासाठी युरोपभर नावाजलेले गाव होय. वेगेलिनचे भागीदारही आपल्या सर्वस्वाने बांधलेले होते. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर ही पेढी आदर्शच म्हणावी लागेल.

फेब्रुवारी २००९ मध्ये यूबीएस या बलाढ्य स्विस बँकेला अमेरिकी नागरिकांना कर चुकविण्यास मदत केल्याबद्दल ७८ कोटी डॉलर भरावे लागले. तिने अमेरिकी ग्राहकांची गुप्त खाती बंद करण्यास आरंभ केला. असे काही ग्राहक वेगेलिनकडे आले आणि वेगेलिनने त्यांना आपल्या दारात घेतले. आपली एकही शाखा स्वित्झर्लंडबाहेर नाही, म्हणून अमेरिकेचा कायदा आपल्याला लागू पडत नाही, अशी पेढीची भूमिका होती. परंतु डॉलरचे व्यवहार अमेरिकेतील खात्यातूनच होत होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिच्यावर आरोपपत्र दाखल झाले. त्याच्या थोडे आधी पेढीने आपला इतर बहुतेक व्यवसाय दुसऱ्या बँकेला विकून टाकला होता. जानेवारी २०१३ मध्ये वेगेलिनने न्यायालयात गुन्हा कबूल केला. सुमारे १२० कोटी डॉलर करखात्यापासून लपविण्यास तिने साह्य केल्याचे निष्पन्न झाले आणि ५ कोटी ७८ लाख डॉलर भरण्याचे तिने मान्य केले. नेपोलियनच्या स्वाऱ्या आणि दोन महायुद्धे पाहिलेली ही पेढी २७२ व्या वर्षी बंद झाली.

दंडाची रक्कम पेढीला पेलवली असती. गेले ते नाव. भागीदारांची अमर्याद जबाबदारी ठेवीदाराला संरक्षण देते, परंतु व्यवहार शुद्ध आहे याची हमी देत नाही, हे वेगेलिनच्या इतिहासाने दाखवून दिले. दुसऱ्याचे धन सांभाळताना त्यातील लपविण्याजोगा भागही सांभाळावयाचे ठरविले, की राखणदार त्या कृत्यात भागीदार होतो.

नव्या काळातील जोखीम

वेगेलिन बंद झाल्यानंतर एका वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, पिक्टे आणि लोंबार्ड ओडिए यांनी अमर्याद जबाबदारीची जुनी रचना सोडली. व्याप अनेक देशांत पसरलेला असताना प्रत्येक भागीदाराने सर्वस्वाने बांधून घेणे कठीण झाले होते. या बदलाबरोबर त्यांनी आपले आर्थिक आकडे प्रथमच प्रसिद्ध केले. राखणदाराच्या घराची हमी कमी झाली, त्या जागी उघड्या ताळेबंदाची हमी आली.

या व्यवसायाचे उत्पन्न सामान्यतः दोन वाटांनी येते. एक म्हणजे सांभाळलेल्या रकमेवर दरवर्षी ठराविक टक्के शुल्क. दुसरी म्हणजे विकलेल्या योजनांवर मिळणारे कमिशन. पहिल्या वाटेत ग्राहकाचे धन वाढले तर पेढीचे उत्पन्न वाढते. दुसऱ्या वाटेत ग्राहकाचे धन वारंवार हलविले तर पेढीचे उत्पन्न वाढते. भारतात सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम करून सल्ला देणे आणि योजना विकणे ही कामे वेगळी करण्याचा प्रयत्न केला, त्याचे कारण हेच होय. सल्ला फुकट मिळतो असे वाटते तेव्हा त्याची किंमत दुसऱ्या कोठल्यातरी रकान्यात लिहिलेली असते.

घराण्याचे स्वतःचे कार्यालय असले म्हणजे धोका टळतो, असेही नाही. बिल ह्वांग यांची आर्चिगोस ही न्यूयॉर्कमधील पेढी केवळ त्यांच्या कुटुंबाचे धन सांभाळीत होती. परक्या ग्राहकांचा पैसा नसल्यामुळे तिच्यावर सरकारी देखरेख अगदी अल्प होती. परंतु तिने अनेक बँकांकडून प्रचंड कर्जाऊ बळ घेऊन थोड्याच कंपन्यांच्या समभागांवर डाव लावला. एका बँकेला दुसरीचा आकडा ठाऊक नव्हता. मार्च २०२१ मध्ये भाव घसरले आणि काही दिवसांत सारे धन नाहीसे झाले. क्रेडिट स्वीस या एकाच बँकेला ५५० कोटी डॉलरचा फटका बसला. १८५६ मध्ये स्थापन झालेली ती बँक इतरही कारणांनी खचत होती, आणि मार्च २०२३ मध्ये ती यूबीएसमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. ह्वांग यांना २०२४ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. येथे डाव एका घराचा होता आणि तोटा दुसऱ्यांच्या नावे पडला.

समारोप

साडेतीनशे वर्षांच्या या इतिहासात पेढ्यांची नावे, शहरे आणि कायदे बदलत गेले. टिकलेल्या घराण्यांत मात्र काही गोष्टी समान दिसतात. होअर यांच्याकडे राखणदाराची स्वतःची जोखीम होती. बोस्टनच्या विश्वस्तांकडे विवेकाची नोंद ठेवणारी वही होती. फिप्स यांच्याकडे एकत्र हिशेब होता, आणि रॉकफेलर यांच्याकडे अप्रिय सत्य सांगणारा सल्लागार होता. वेगेलिनकडे यांपैकी बरेच काही असूनही लपविण्याचा मोह आवरला नाही. आर्चिगोसकडे अमाप धन होते, पण ‘पुरे’ म्हणणारे कोणी नव्हते.

अशा पेढ्यांची सेवा घेण्याइतकी संपत्ती थोड्याच घरांत असते. परंतु दुसऱ्याचे धन सांभाळण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. विधवा भावजयीच्या ठेवी पाहणारा दीर, अज्ञान पुतण्याचा हिस्सा सांभाळणारा काका, नातवंडांच्या नावे ठेवलेल्या रकमेचा व्यवहार पाहणारे आजोबा, भागीदाराच्या अनुपस्थितीत गल्ला सांभाळणारा व्यापारी, हे सारे अल्प प्रमाणात तेच काम करीत असतात. त्यांच्यापुढेही प्रश्न तोच आहे. तोटा आला तर तो कोणाच्या नावे पडेल, हे व्यवहारापूर्वीच ठरलेले असावे. निर्णयामागचे कारण वहीत लिहिलेले असावे. आणि ती वही ज्याचे धन त्याला, मग तो वयाने कितीही लहान असो, जाणता होताच उघडून दाखविता यावी.

मालकानेही आपली वही वाचणे सोडू नये. हिशेबाचा पक्का म्हणून जगभर ओळखला गेलेला रॉकफेलरही स्नेह्यांच्या शब्दावर विसंबून राहिला, तेथे त्याचे पैसे अडकले. घरातील मुलामुलींना संपत्तीबरोबर ती वाचण्याची विद्याही दिली नाही, तर उत्तमातील उत्तम पेढीही त्यांचे रक्षण करू शकणार नाही. राखणदार कितीही विश्वासू असो, वर्षातून एकदा दिवाळीच्या सुमारास मालकाने आणि त्याच्या वारसाने शेजारी बसून खतावणीचे प्रत्येक पान उलटावे. फ्लीट स्ट्रीटवरील त्या पेढीच्या भागीदारांनी बारा पिढ्या वही नजरेआड होऊ दिली नाही, कारण तिच्या प्रत्येक पानावर त्यांचे स्वतःचे घर लिहिलेले होते.